अप्पांचं घर आत की बाहेर?

किस्से जमवावे लागतात असं म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या मळ्यावर यावं. इथे ते चपलेला चिखल लागावा तसे लागतात. घरी येऊन पाय धुवायला गेलं की कळतं, अरे, हा पण चिकटून आला की! मी ते खरवडून जपून ठेवते. काळजी करणाऱ्या माणसाच्या बारीकसारीक गोष्टी लक्षात राहतात, आणि काळजीच्या बाबतीत मी फर्स्ट क्लास आहे. यातल्या कुठल्या किश्शाला हसायचं आणि कुठल्याला घाबरायचं, हे मात्र मला अजून ठरवता आलेलं नाही. एम.एस्सी. होऊनसुद्धा!

आधी माणसं सांगते. अळणावरच्या पुढे, दाट जंगल सुरू व्हायच्या जरा अलीकडे, एकमेकांना लागून चार मळे आहेत. एक माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे अप्पांचा. अप्पा धारवाडला हायस्कुलात गणित शिकवायचे. रिटायर झाले, सासूबाई गेल्या, आणि अप्पांनी मळ्यावर दोन खोल्या बांधून जाहीर केलं, "आता मला इथून कुणी हलवायचं नाही." दुसरा मळा शामअण्णांचा, हुबळीच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. तिसरा धारवाडच्या वकीलकाकांचा. चौथा सुमनअक्कांचा, बँकेतून रिटायर, एकट्या, आणि मॅनेजरपासून माकडापर्यंत कुणालाही न घाबरणाऱ्या. आम्ही, म्हणजे मी, नवरा निरंजन आणि चार वर्षांची ओवी, उणकलला राहतो. रविवारी मळ्यावर.

तर बातमी आली की नॅशनल पार्कची हद्द वाढणार. जे आत जातील त्यांना उठावं लागणार, जे बाहेर राहतील ते राहणार. अप्पांचं घर आत जाणार की बाहेर राहणार, एवढाच काय तो प्रश्न. पण त्या एका प्रश्नापायी चार शेजारी एकमेकांकडे असे बघायला लागले, जशी मी ओवीच्या रिकाम्या डब्याकडे बघते. खाल्लं, की फेकलं?

*

पहिला धक्का शामअण्णांनी दिला. भर दुपारी फोन.

"वैनी, निरंजनला सांगा, सुरू झालं!"

"काय सुरू झालं, अण्णा?"

"दुकानात एक माणूस आला होता. शर्ट इन, बूट पॉलिश केलेले. हिरव्या कापडाचं अख्खं ठाण घेऊन गेला, वर खाकी पण घेतली. बिल कुणाच्या नावानं करू विचारलं तर म्हणतो, नाव नको! मत्त, आणखी काय राहिलं सांगा. फॉरेस्टची भरती चाललीय!"

वकीलकाकांचं मत पडलं की युनिफॉर्म नव्हेत, हद्दीवर लावायचे झेंडे असणार. सुमनअक्का म्हणाल्या, "नाव नको म्हणाला म्हणजे वरून आलाय." अप्पा त्या दिवशी धड जेवले नाहीत. मीही लगेच घाबरून घेतलं. घाबरण्यात मागे राहणं मला जमत नाही.

आठवड्यानं लॅमिंग्टन रोडच्या शाळेतून ओवीच्या दप्तरात एक ड्रेस आला. वर हिरवं झबलं, खाली खाकी चड्डी. गॅदरिंगमध्ये त्यांचा अख्खा वर्ग जंगल होणार होता! पॉलिशवाले बूट पीटीच्या सरांचे.

मी चार मळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं, "घाबरू नका. झाडंच आहेत, पण एलकेजीची."

मग शामअण्णांचा मेसेज आला, "ते ठीक. पण शाळेला ही थीम दिली कुणी?"

*

मग वकीलकाकांनी नकाशा आणला. कुठून आणला ते विचारायचं नाही. वहीच्या पानाएवढा कागद, त्यावर जंगल, ओढा, रस्ता आणि वाढीव हद्दीची लाल रेघ. अप्पांचं घर बरोबर रेघेखाली!

"मोठा करून आणतो, मग कळेल," म्हणून वकीलकाका झेरॉक्सवाल्याकडे गेले. नकाशा मोठा झाला. तशी रेघही मोठी झाली. पुन्हा मोठा केला. तिसऱ्या खेपेला चादरीएवढा कागद अप्पांच्या ओट्यावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार फणस ठेवले, तेव्हा रेघ अंगठ्याएवढी जाड झाली होती आणि चारही मळे तिच्या पोटात होते.

शामअण्णा वाकून म्हणाले, "माझा तर बाहेर दिसतोय."

"तुमचं बोट काढा आधी," सुमनअक्का.

अप्पांनी चष्मा काढून पुसला आणि वर्गात सांगावं तसं सांगितलं, "रेषेला लांबी असते. जाडी नसते. जन्मभर हेच शिकवलं मी."

वकीलकाका हळहळून म्हणाले, "गुरुजी, ती तुमची भूमितीतली. ही सरकारी आहे."

*

लोकांचं म्हणणं ऐकायला गावात सुनावणी लागली. शाळेच्या हॉलमध्ये टेबल, टेबलामागे फॉरेस्टचे साहेब, साहेबांसमोर आम्ही. जायच्या आधी चौघांत शपथेवर ठरलं होतं, कुणीही एकट्यानं हात वर करायचा नाही, सगळ्यांनी एकदम करायचा. ठरवलं तेव्हा फार शहाणपणाचं वाटलं होतं.

साहेबांनी कन्नडात विचारलं, "विरोध इद्दवरु कै एत्तरी." विरोध असेल त्यांनी हात वर करा.

शामअण्णांनी वकीलकाकांकडे बघितलं. वकीलकाकांनी अप्पांकडे. अप्पांनी निरंजनकडे. प्रत्येकाच्या मनात एकच, हा करतोय का बघू. हा न करता मी केला तर माझंच नाव साहेबांच्या डोळ्यात! हॉलमध्ये एक हात हलेना.

साहेब "विरोध नाही" म्हणून लिहायला वाकले आणि तेवढ्यात सुमनअक्कांचा हात ताडकन वर गेला.

"फ्यान हच्चरी!" पंखा लावा हो!

पण तोवर शेजारच्या कारकुनानं लिहून घेतलं होतं. विरोध, एक महिला.

बाहेर आल्यावर शामअण्णा उसळले, "अक्का, ठरलं होतं ना एकट्यानं पुढं व्हायचं नाही? तुमच्या एकटीचाच मळा वाचवायचा होता होय?"

"अहो, मला उकडत होतं!"

वकीलकाका गंभीरपणे म्हणाले, "उकडणं हे काही फार भक्कम ऑब्जेक्शन नाही."

आणि पंखा काही शेवटपर्यंत लागला नाही.

*

यानंतर अप्पांच्या कुंपणाजवळच्या मत्तीच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडाला पट्ट्यानं बांधलेली एक पेटी दिसली. गार्ड मंजुनाथनं सांगितलं, कॅमेरा आहे, समोरून काही गेलं की आपोआप फोटो निघतो. हा मंजुनाथ तिथल्याच गावचा. पंचविशीतला, बोलायला अगदी कमी.

"प्राण्यांसाठी आहे," तो म्हणाला.

प्राण्यांसाठी! आमच्यात कुणीही यावर विश्वास ठेवला नाही. अप्पा सकाळी पंचा नेसून झाडांना पाणी घालायचे, ते पँट घालून घालायला लागले. मी ओवीला तिकडे तोंड करून नाक साफ करू देईना.

मग वकीलकाकांच्या डोक्यात प्रकाश पडला. "अरे, हा तर पुरावा! इथे पूर्वापार माणसं राहतात, याचा सरकारच्या कॅमेऱ्यात सरकारच्या खर्चानं पुरावा! सगळ्यांनी जा समोरून. रोज जा!"

त्या रविवारी जो सोहळा झाला तो माझ्या लग्नातही झाला नव्हता. सुमनअक्का इरकल नेसून, नथ घालून गेल्या. शामअण्णा फेटा बांधून गेले आणि पुरावा कमी पडू नये म्हणून परत उलटेही आले. निरंजन खांद्यावर कुदळ घेऊन गेला. लग्नाला सहा वर्षं झाली, मी पहिल्यांदाच त्याच्या हातात कुदळ बघितली. मी कडेवर ओवी आणि हातात पुरणपोळीचं ताट घेऊन गेले. ताट कशाला, म्हणाल तर मलाही माहीत नाही. वस्ती सुखी दिसावी म्हणून असेल.

संध्याकाळी मंजुनाथ आला. आमचे कपडे बघून त्यानं विचारलं, "काय कार्यक्रम आहे, अप्पा?"

"काही नाही, असंच. कॅमेरा बरा चाललाय ना?"

"पेटी आहे नुसती," मंजुनाथ म्हणाला. "कॅमेरा गेल्या आठवड्यातच काढून नेला. तुमचेच फोटो फार येत होते."

*

आता हा किस्सा मी हसत सांगते, पण सांगायच्या आधी ओवी कुठे आहे ते बघून घेते.

एका रविवारी सकाळी मळ्यावर ओवीच्या झोपाळ्याखाली ओल्या मातीत एक पंजा उमटलेला होता. गोल, मोठा. कुत्र्याचा? बिबट्याचा? मी मोबाइलवर शोधायला लागले, तर दोन्ही ठसे मला सारखेच दिसायला लागले. मी ओवीला उचलून खोलीत कोंडलं, ठशावर घमेलं पालथं घातलं आणि मंजुनाथला फोन केला. मग फोटो ग्रुपवर टाकला. ही माझी चूक.

पहिला फोन शामअण्णांचा. "वैनी, पुसून टाका!"

"अहो अण्णा, ओवी खेळते तिथं!"

"म्हणूनच सांगतो, पुसा! वाघरू निघालं तर म्हणतील, ही जागा जनावरांचीच. मग सगळेच आत जाऊ की!"

वकीलकाका म्हणाले, पुसू नका, पण दाखवूही नका. सुमनअक्कांनी विचारलं, "ठसा खरा आहे, की आपल्यापैकी कुणी काढलाय?" आता हे मला सुचलंच नव्हतं. मग तेही सुचलं आणि मी पोलिसासारखी येणाऱ्या प्रत्येकाच्या हाताकडे बघायला लागले.

मंजुनाथ आला तेव्हा मी घाईनं घमेलं उचललं. खाली माती लख्ख! खराट्याच्या रेघासुद्धा ताज्या.

"काय होतं इथं?" मंजुनाथनं विचारलं.

मागून अप्पा शांतपणे म्हणाले, "रांगोळी काढायची होती. म्हणून झाडून घेतलं."

आयुष्यात कधी रांगोळीची चिमूट हातात न धरलेल्या माणसानं मग मंजुनाथसमोर बसून रांगोळी काढली. समभुज त्रिकोण आला फक्त.

तो पंजा कुणाचा होता, ते मला आजतागायत कळलेलं नाही. झोपाळा मी ओट्यावर टांगून घेतला.

*

शेवटी एकदाचे सर्व्हेवाले मशीन घेऊन आले आणि रेघ ठरली. ओढ्याकडून येऊन, अप्पांच्या काजूच्या ओळीमागून वळून, तशीच पुढे. घर बाहेर! चारही घरं बाहेर! अप्पांनी त्या दिवशी नवीन फणसाचं रोप लावलं. फणस धरायला वर्षं लागतात, हे त्यांना माहीत होतं.

ट्रॅक्टरनं हद्दीचे दगड आले. पिवळे रंगवलेले, कमरेएवढे. पुरायचं काम मागाहून व्हायचं होतं, म्हणून जागेजागी उभे करून ठेवले.

आणि दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला आपट्याऐवजी बन्नीची, म्हणजे शमीची, पानं वाटतात. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून बन्नीच्या झाडाशी जायचं, पूजा करायची, पानं आणून एकमेकांना सोनं म्हणून द्यायची. नेहमीप्रमाणे सगळे नटून निघालो आणि दगडांशी येऊन थांबलो. बन्नी पलीकडे! आणि पलीकडे मंजुनाथ, काठी घेऊन.

"आतलं पान बाहेर न्यायचं नाही, अप्पा," तो म्हणाला. मान खाली.

"सण आहे रे," वकीलकाका.

"ऑर्डर आहे, साहेब."

शामअण्णा माझ्या कानाशी पुटपुटले, "झाडाआड साहेब लपलाय बघा. एक पाऊल टाकलं की केस." त्यांनी तसं म्हटल्यावर मलाही झाडाआड शर्टाची बाही दिसायला लागली. सीमोल्लंघनाच्या दिवशी आम्ही सगळे सीमेवर खांबासारखे उभे!

मग सुमनअक्कांनी पिशवीतून हुबळीच्या बाजारात घेतलेली बन्नीची जुडी काढली. "काय रे, आतलं बाहेर न्यायला बंदी. बाहेरचं आत द्यायला आहे का?"

मंजुनाथनं विचार केला. "ते नाही सांगितलेलं."

अप्पांनी दगडावरून हात पुढे करून त्याला पानं दिली. त्यानं काठी खाली ठेवली, पलीकडूनच वाकून अप्पांच्या पायांना हात लावला आणि म्हणाला, "बन्नी तगोंडु बंगारधंग इरोणरी." बन्नी घेऊन सोन्यासारखं राहू या.

शामअण्णा घरी येईपर्यंत म्हणत होते, "बघून ठेवा, यात काहीतरी आहे."

*

आता शेवटचा.

घर बाहेर राहिलं म्हणून आम्ही पेढे वाटले खरे, पण पार्काला लागून बाहेर राहिलेल्या जमिनीला लोक काय डोळ्यांनी बघतात, ते नंतर कळलं. गोव्याकडून पांढऱ्या मोठ्या गाडीतून एक गृहस्थ यायला लागले. रिसॉर्ट काढायचं होतं. घेईन तर चारही मळे एकत्र, नाहीतर एकही नको, म्हणाले. शामअण्णा तयार झाले. वकीलकाका "विचार करतो" म्हणाले, म्हणजे तयार झाले. सुमनअक्का म्हणाल्या, "बाकीचे सगळे हो म्हणाले तर मी एकटी काय जंगल राखू?"

राहिले अप्पा.

निरंजन त्यांना समजवायला लागला, "अप्पा, वय झालं आता. उणकलला आमच्यात या. ओवी आहे, दवाखाना जवळ आहे."

"मला इथं मरायचंय," अप्पा म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "तुला काय वाटतं, मृणाल?"

मी ओवीच्या फ्रॉकची बटणं लावायला घेतली. झोपाळ्याखालची ती लख्ख माती माझ्या डोळ्यांसमोर होती. पण मला अप्पांची काळजी वाटत होती, की ओवीची, की नुसतं होला हो करायचं होतं, ते तेव्हाही कळलं नाही.

अप्पांनी मान हलवली. "बरं. येत्या रविवारी बोलव त्यांना. इथंच बोलू."

रविवारी आम्ही पोचलो तर वकीलकाका, शामअण्णा आणि सुमनअक्का फाटकाबाहेर उभे. आणि फाटकाच्या तोंडाशी, घर पार मागे टाकून, हद्दीचा पिवळा दगड उभा! काजूमागचा.

मागोमाग पांढरी गाडी आली. गृहस्थ उतरले, दगडाकडे बघितलं, दगडापलीकडच्या घराकडे बघितलं. ओट्यावर वेताच्या खुर्चीत अप्पा. शेजारी काठी टेकवून मंजुनाथ उभा.

"बर्री, बर्री! या, या!" अप्पा म्हणाले. "फक्त जरा हळू बोला. आपण नॅशनल पार्कात आहोत."

"पण नकाशात तर..." गृहस्थांनी मोबाइल काढला. रेंज नव्हती. त्यांनी मंजुनाथला विचारलं, "ओ गार्ड, हा दगड इथेच आहे?"

मंजुनाथनं दगडाकडे नीट बघितलं. "कल्लु इल्ले ऐतल्री." दगड इथेच आहे की!

गृहस्थ गाडीत बसले. "ज्या जागेची हद्द नक्की नाही तिथं मी पाय ठेवत नाही," म्हणाले आणि गाडी आली तशी गेली.

मग ओट्यावर जो कल्ला झाला! शामअण्णांचा संशय थेट सुमनअक्कांवर. "तुम्हालाच विकायचं नव्हतं!"

"मी? तो ट्रॅक्टरवरून उतरवताना चार गडी घामाघूम झाले होते. मी काय रोज दंड-बैठका काढते?"

"कायदा आधी विचारतो, फायदा कुणाचा," वकीलकाका म्हणाले. "आता स्वतःचं घर कुणी स्वतः आत घालून घेईल का? म्हणजे गुरुजी सुटले."

"सर्व्हेवाले येऊन परत जागेवर ठेवतीलच की तो," अप्पा शांतपणे म्हणाले. "त्यांच्या मशीनमध्ये आहे सगळं."

निरंजन संशयानं माझ्याकडे बघत होता. माझ्याकडे! साखरेचा डबा उघडायला मी त्याला हाक मारते.

मी चहा ठेवायला आत आले. पाठोपाठ मागच्या दारात मंजुनाथ येऊन उभा राहिला, एक हात कमरेवर. सरळ उभं राहता येत नव्हतं त्याला.

"अक्का," तो हळूच म्हणाला, "कंबरेला लावायचं मलम आहे?"

माझ्या पर्समध्ये काय नसतं! थर्मामीटर, कापूस, ओवीचं औषध, मलम. मी ट्यूब काढून दिली.

त्यानं ती उघडलीसुद्धा नाही. तसाच वाकत वाकत ओट्यावर गेला आणि आधी अप्पांच्या हातात दिली.